सिक्रीत मागे राहिलेले

काम तसं साधं होतं. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी जायचं, तिथलं एक मॉडेल बघायचं, नकाशांशी ताडून पाहायचं आणि विद्यापीठातल्या आपल्या विभागाला कळवायचं, की घ्या किंवा घेऊ नका. देवदत्तला यापलीकडे काही करायचं नव्हतं.

देवदत्त म्हणजे माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच धाकटा. पुण्यात आर्किटेक्ट झाला आणि पीएचडीला क्योतोला आला. मी तेव्हा ओसाकाला एका मशीनच्या कंपनीत होतो. इथे टोकियोत, निशी-कसाईला, यायच्या आधीची गोष्ट ही. तुम्ही आयटीवाले आत्ता आत्ता यायला लागलात. तेव्हा अख्ख्या क्योतोत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे रविवारचा आमचा फोन ठरलेला. मी जे सांगतोय ते देवदत्तनं मला सांगितलं. मग त्याच्या बायकोला, सुचेताला, मी मुद्दाम वेगळं गाठून विचारलं. कोणाच्या सांगण्यावर चटकन विश्वास ठेवायचा माझा स्वभाव नाही. पण जुळलं. सगळं जुळलं.

"लक्ष्मीकांतकाका, भुताचीच आहे ना पण?" नुपूरला घाई झालीय बघा.

कशाची आहे ते तूच ठरव. आणि तो वरचा दिवा कशाला लावतेस? राहू दे. कोपऱ्यातला पुरे.

शहाण्णव सालचा नोव्हेंबर. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. क्योतोत निशिजिन म्हणून विणकरांचा जुना भाग आहे. तिथल्या एका गल्लीत हायामा सरांचं घर. सर, म्हणजे त्याच विभागातले जुने प्राध्यापक, वर्षभरापूर्वी वारले होते. तरुणपणी ते आपल्याकडे गेले होते, फत्तेपूर सिक्रीला. टेप आणि शिडी घेऊन, हिवाळेच्या हिवाळे तिथे मोजमापं घेत बसायचे. परत आले आणि उरलेलं आयुष्य त्यांनी घरामागच्या कोठीत काढलं. जाड मातीच्या भिंती, एकच बुटकं दार, अशी कोठी असते जुन्या जपानी घरांमागे. कुरा म्हणतात तिला. त्या कुरात बसून त्यांनी अख्खं सिक्री लाकडात उभं केलं.

तुमच्यापैकी कोणी पाहिलंय सिक्री?

"कॉलेजच्या ट्रिपला," प्रथमेश म्हणाला. "ताजमहाल झाल्यावर तासभर. बुलंद दरवाज्यापाशी फोटो काढले."

सगळे तेवढंच करतात. अकबराला मूल जगत नव्हतं. सिक्रीला सलीम चिश्ती नावाचे अवलिया राहायचे, त्यांच्या आशीर्वादानं मुलगा झाला, म्हणून बादशहानं तिथल्या खडकाळ टेकडीवर राजधानी वसवली. लाल दगडाची. पण देवदत्त म्हणायचा, खरी गंमत बांधणीत आहे. साहित्य दगडाचं आणि काम सुताराचं. खांबावर तुळई, तुळईखाली कोरीव हात, त्यावर पुढे आलेला छज्जा, सगळं लाकडासारखं एकमेकांत बसवलेलं. पंचमहाल तर नुसता खांबांचा, वर वर लहान होत जाणारा, भिंत म्हणून नाहीच. दिवाण-ए-खासच्या मधोमध एकच खांब, डोक्याशी फुलासारखा उमललेला, आणि तिथून चार कोपऱ्यांकडे चार पूल. हायामा सर म्हणायचे, हे शहर मुळात लाकडाचंच, चुकून दगडात गेलं. मी त्याला परत घरी आणतोय.

घरी आणतोय... देवदत्तला हे वाक्य तेव्हा फार आवडलं होतं.

आणि एवढं सगळं उभं करून, उण्यापुऱ्या पंधरा वर्षांत बादशहा तिथून निघून गेला. शहर ओस.

तर देवदत्त गेला. हायामाबाईंनी कुराचं दार उघडलं, दिवा लावला, आणि हा उभाच राहिला. गुडघाभर उंचीच्या चौथऱ्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, शहर. इथली देवळं बांधतात त्या हिनोकीचं लाकूड, त्याचा तो देवळासारखा वास. जाळ्यांची भोकं सुईनं पाडल्यासारखी. कोठीत वर्षाची धूळ साचलेली. मॉडेलच्या छतांवरसुद्धा धूळ. पण अंगणं स्वच्छ. जिथे आपला हातही जाणार नाही, अशी दोन महालांमधली बोळकंडीसुद्धा झाडल्यासारखी स्वच्छ.

आणि मधोमध अनूप तलाव. चौकोनी तळं, मध्ये चौथरा, त्याच्याकडे जाणाऱ्या चार वाटा. सरांनी त्याला आतून लाखेचा हात दिला होता. त्या तळ्यात पाणी होतं. खरं पाणी.

"हे कोणी घातलं?" देवदत्तनं विचारलं.

"मी," बाई म्हणाल्या. नवऱ्याला त्याही सेन्सेई, म्हणजे सरच, म्हणायच्या. "रोज संध्याकाळी. सेन्सेई घालायचे. ते गेल्यावर मी घालते. सकाळपर्यंत संपतं."

देवदत्त चपापला. लाकूड फुगेल, सांधे सुटतील, तीस वर्षांचं काम वाया जाईल. त्यानं बाईंना नम्रपणे समजावलं. मग जरा मास्तरकीही केली. म्हणाला, पाणी संपलं म्हणून शहर सोडलं, ही गाईड लोकांची गोष्ट आहे. पाण्याची अडचण असेलही, पण बादशहाला पंजाबच्या सरहद्दीकडे जावं लागलं, त्याच्यामागे दरबार गेला. कारणं राजकारणाची होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दरबार गेला. आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"दरबाराबरोबर ज्यांना नेत नाहीत, ते."

देवदत्त हसला, आणि म्हणाला की आजपासून पाणी बंद. तळं कापसानं टिपून कोरडं केलं, मॉडेलवर मोठं प्लॅस्टिक अंथरलं आणि किल्ली मागितली. बाईंनी ती दोन्ही हातांनी दिली. कमरेत वाकल्या.

"मग आता तुमच्यावर सोपवते," म्हणाल्या.

जपानीत हे रोज बोलतात. शिष्टाचार आहे तो. देवदत्तनंही वाकून हो म्हटलं.

इथून पुढे मी जरा सांभाळून सांगतो, कारण इथून पुढे तो प्रत्येकावर संशय घ्यायला लागला.

पहिला संशय मुराईवर. मुराई-सान विभागातला असिस्टंट, हायामा सरांचा शेवटचा विद्यार्थी. त्याच्याकडे कुराची दुसरी किल्ली होती. देवदत्त दुपारी मापं घ्यायला जायचा, तर प्लॅस्टिक जागेवर, गाठी जागेवर, पण आतून तळ्याभोवती लाकूड घासल्यासारखं. ओरखडे... बारीक बारीक, शेकडो. याला वाटलं मुराई रात्री येऊन काहीतरी करतोय. मॉडेल परदेशी माणसाच्या हातून विभागात जाऊ नये, असं असेल त्याच्या मनात.

आणि घरी वेगळंच. घर म्हणजे नदीपलीकडे दोन खोल्या. देवदत्त, सुचेता आणि त्यांची तन्वी, दोन वर्षांची. सुचेता रात्री किटली भरून ठेवायची, सकाळी रिकामी. फुलदाणी रिकामी. इथे आंघोळीचं टबमधलं पाणी झाकून ठेवतात, सकाळी कपड्यांना वापरायला. तर सकाळी टबला तळाशी चार बोटं पाणी. देवदत्तनं बूच बदललं. घरमालकाकडून नळ तपासून घेतला. काही नाही.

मग त्याचा संशय सुचेतावर. एका सकाळी चिडून म्हणाला, "पाणी सोडून देतेस आणि कबूल करत नाहीस?"

ती म्हणाली, "मी? रात्री उठून तू पितोस. मला ऐकू येतं ना. घोट ऐकू येतात."

"मी रात्री उठतच नाही, सुचेता."

"मी रोज ऐकते, देवा. मी पाठ करून झोपलेली असते, पण ऐकते." मग म्हणाली, "फार वेळ चालतं ते... मला वाटायचं, एवढी कसली तहान लागते याला."

त्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तिला वाटलं हा खोटं बोलतोय, याला वाटलं तिचं डोकं फिरलंय. त्या रात्री तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला. आणि स्वयंपाकघरातून त्यालाही ऐकू आलं. सुचेताचा हात त्याच्या हातात होता. तन्वी दोघांच्या मध्ये होती.

"मग उठून बघितलं का नाही त्यांनी?" प्रथमेश.

तू उठला असतास?

...

मीही त्याला फोनवर बरंच सुनावलं. म्हटलं हीटरनं हवा कोरडी होते, पाणी उडतं. तो म्हणाला, "दादा, टबभर पाणी?"

डिसेंबर लागला आणि तन्वी आजारी पडली. ताप नाही, जुलाब नाही. नुसती तहान. दिवसभर पाणी पाणी करायची. पेला तोंडाला लावला की संपवायची, आणि तरी ओठ फुटलेले, जीभ कोरडी. चौथ्या दिवशी रडताना डोळ्यांतून पाणी येईना. इस्पितळात दाखल केलं, सलाइन लावलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पोरीला कसलाच रोग नाही, आणि पोर तर सुकत चाललेली.

देवदत्त इस्पितळातून तडक विभागात गेला आणि मुराईला सगळ्यांसमोर बोलला. तू माझ्या मागे लागला आहेस, कुरात चोरून जातोस, किल्ली टाक. जपानमध्ये असं कोणी कोणाला बोलत नाही. मुराई पांढरा पडला. त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "सेन्सेई गेल्यापासून मी त्या कुरात गेलेलो नाही. एकटा तर कधीच नाही." आणि मग म्हणाला, "तुम्ही पाणी बंद केलंत का?"

देवदत्तनं टेबलावरची किल्ली उचलली आणि निघाला.

दहा डिसेंबर, मंगळवार. मी नंतर कॅलेंडर काढून पाहिलं. कार्तिकातली अमावास्या होती, पण क्योतोत ते कोणाच्या ध्यानात असणार. संध्याकाळचे साडेपाच. क्योतोत हिवाळ्यात तेव्हाच मिट्ट काळोख पडतो. सुचेता पोरीच्या उशाशी बसली होती. नर्सनं सलाइनची नवी बाटली लावली होती आणि नळीची चिमटी बंद करून सुई बदलायला काहीतरी आणायला गेली होती. चिमटी बंद होती. हे सुचेता शपथेवर सांगते. आणि तिच्या डोळ्यांसमोर बाटलीतलं पाणी खाली जायला लागलं. एक थेंब पडत नव्हता, आणि पाणी खाली जात होतं.

देवदत्त आला तेव्हा बाटली रिकामी होती. सुचेता ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "त्या घरात तू काय केलंस?"

त्यानं सांगितलं. तळ्याचं, बाईंचं, किल्लीचं. सोपवते म्हणाल्या ते.

"आणि तू हो म्हणालास?"

"म्हणालो."

"जा," सुचेता म्हणाली. "त्यांना पाणी दे. इथे उभा राहू नकोस, जा!"

तो सायकलवर निघाला. नदी ओलांडली, निशिजिनच्या गल्लीत शिरला. घर बंद होतं. हायामाबाई मुलीकडे नाराला गेल्या होत्या. शेजारच्या घरातून मागाचा खटखट आवाज येत होता, तोही हा अंगणात शिरला तसा थांबला. अंगणात नळ होता, नळाखाली बादली. त्यानं बादली भरली. कुराचं दार उघडलं.

दिवा लावला.

प्लॅस्टिक जागेवर होतं. गाठीही जागेवर. पण प्लॅस्टिकमधून आतलं काही दिसत नव्हतं. आतून पांढरं झालं होतं. हिवाळ्यात गर्दीच्या बसची काच होते ना, तसं... आतून. श्वासांनी.

त्यानं गाठी सोडल्या. प्लॅस्टिक ओढलं.

शहर तसंच होतं. लाकूड. खांब. छज्जे. कोणी नाही.

त्यानं तळ्यात पाणी ओतलं. तळं केवढं, तर आपल्या जेवायच्या ताटाएवढं. तांब्याभर पाण्यात भरलं पाहिजे. भरलं. आणि बघता बघता उतरलं. त्यानं वाकून चौथऱ्याखाली पाहिलं. खाली धूळ. सुकी, कोरडी धूळ.

पुन्हा ओतलं. उतरलं.

पुन्हा.

आता आवाज यायला लागला. घोट. एक... मग एक... मग अनेक. घाईघाईनं पाणी पिणाऱ्या माणसांचा.

बादली संपली. तो नळाशी गेला, भरून आला. संपली. पुन्हा गेला. चौथ्या-पाचव्या फेरीला त्याच्या लक्षात आलं की आपण दारातून आत येताना अंग चोरून, तिरके होऊन येतोय. दार बुटकं होतं, पण अरुंद नव्हतं. समोर कोणी नव्हतं. तरी पाय आपोआप वाट काढत होते. आणि तोंडानं तो पुटपुटत होता, "सुमिमासेन... सुमिमासेन..." गर्दीतून जाताना इथे म्हणतात तसं.

हे लक्षात आलं आणि तो जागीच थांबला.

पाठीमागे काही हललं नाही. कोणी बोललं नाही. पण मागे रांग होती. दारापासून अंगणापर्यंत, अंगणापासून गल्लीपर्यंत. त्यानं पाहिलं नाही. मला म्हणाला, "दादा, बघायची गरजच नव्हती. आपल्या मागे कोणी उभं असलं की कळतं ना."

त्यानं मान वळवली नाही. ओतत राहिला. हात बधिर झाले. बोटं पाण्यानं फुटली. एकदा तोंड उघडून काही बोलायला गेला... कुठल्या भाषेत बोलायचं, तेच सुचेना. शेवटी मराठीतच म्हणाला, "प्या... सगळे प्या... माझी पोर लहान आहे..."

आवाज थांबला.

एवढ्या लोकांनी एकदम ऐकलं की होते, तशी शांतता.

...

मग पुन्हा घोट. पण आता सावकाश. एकेक. हळूहळू कमी होत गेले. शेवटी एकच राहिला, एखाद्या अगदी लहानशा जिवाचा. मग तोही थांबला.

तळ्यात पाणी ठरलं. वरच्या दिव्याचा उजेड त्यात पडला, हलला आणि स्थिर झाला.

देवदत्त तसाच बाहेर पडला. येताना सरळ आला, तिरका नाही. शेजारचा माग पुन्हा सुरू झाला होता. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक फोनवरून त्यानं इस्पितळात फोन लावला, वॉर्डात जोडून घेतला. सुचेता फोनवर आली तेव्हा मागून तन्वीच्या रडण्याचा आवाज येत होता.

"देवा," एवढंच म्हणाली, "तिच्या डोळ्यांतून पाणी येतंय रे. गाल भिजलेत."

पोरगी आठवड्यात घरी आली. आता पाच वर्षांची आहे, पुण्यात शाळेत जाते, छान आहे. देवदत्तनं मुराईची माफी मागितली, सगळ्यांसमोर केलेल्या अपमानाची सगळ्यांसमोर. मुराईनं ती स्वीकारली, पण पूर्वीसारखी मैत्री नाही राहिली. हायामाबाईंना त्यानं दुसऱ्या दिवशी नाराला फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी कशाचंच आश्चर्य दाखवलं नाही. एकच विचारलं, "सगळ्यांना पुरलं का?"

मॉडेल विभागानं घेतलं. ते हलवलं तेव्हा देवदत्त हजर होता. मग थीसिस पुरा केला आणि पुण्याला परत गेला. आता तिकडे कॉलेजात शिकवतो. विद्यार्थ्यांची सहल दरवर्षी सिक्रीला जाते. हा आग्र्याच्या हॉटेलात थांबतो.

"म्हणजे संपली?" नुपूर म्हणाली. "काका, पण हे सगळं त्यांनी सांगितलेलं. भास असू शकतो ना? पोरगी आजारी, झोप नाही..."

मलाही तेच वाटायचं. मुराईवर तर माझा बराच दिवस संशय होता. म्हणून या वर्षी एप्रिलमध्ये कामानिमित्त क्योतोला गेलो, तेव्हा विद्यापीठात जाऊन मुराईला भेटलो. संध्याकाळ होत आली होती. त्यानं मला खालच्या हॉलमध्ये नेलं. मॉडेल मोठ्या काचेच्या पेटीत आहे. त्यानं पेटीची एक बाजू उघडली, हातातल्या छोट्या झारीनं तळं भरलं. माझ्याकडे न बघता. रोजचं असावं.

मी वाकून पाहिलं. तलावाला चारही बाजूंनी पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, खऱ्या सिक्रीतही आहेत. मॉडेलमधल्या एवढ्या बारीक, की एकेक पायरी माझ्या नखाएवढी.

मी म्हटलं, "सरांनी कमाल केली. जुनेपणासुद्धा कोरलाय."

मुराई म्हणाला, "नाही. त्या पायऱ्या मी बसवल्या होत्या. धारदार कडांच्या होत्या."

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोटाचं टोक फिरवून पाहिलं.

प्रत्येक पायरी मधोमध झिजलेली होती. खोलगट... गुळगुळीत. जुन्या घाटाच्या असतात तशी.